जाग आहे, पण अंग हलत नाही: निद्रा-पक्षाघात आणि चिंता यांचं एक प्रकरण

पुढे येणारी तरुणी ही कोणी एक खरी व्यक्ती नाही. निद्रा-पक्षाघाताची तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकत्र करून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलं आहे. तिचे गुण आणि नोंदी या रचनेतल्या आहेत. संशोधनाचे आकडे मात्र प्रकाशित अभ्यासांमधले आहेत.

वय २४, पदव्युत्तर शिक्षणाचं शेवटचं वर्ष. तक्रार अशी: पहाटे जाग येते, डोळे उघडतात, खोली दिसते, पण बोटसुद्धा हलत नाही. ओरडावंसं वाटतं, आवाज फुटत नाही. पाच महिन्यांपूर्वी सुरुवात झाली तेव्हा हे महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं. गेल्या सहा आठवड्यांत आठवड्याला दोन-तीनदा. हृदयाचा त्रास असेल म्हणून ईसीजी काढून झाला, तो नॉर्मल आला. त्याने धीर मिळायच्या ऐवजी नवी भीती बसली: हृदय ठीक आहे म्हणजे मेंदूतच काहीतरी बिघडलंय, एक दिवस कायमचा लकवा मारणार.

पहिल्या भेटीत तिने एवढंच सांगितलं. “त्या वेळी खोलीत कोणी असल्यासारखं वाटतं का?” असं थेट विचारल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “डॉक्टर, दाराजवळ कोणीतरी उभं असतं. नंतर मला कळतं की तिथे कोणी नव्हतं. पण त्या वेळी ते असतंच.” हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारायलाच हवा. लोक वेड्यात काढतील या भीतीने रुग्ण हे आपणहून बोलत नाहीत. घरीही तिने कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनीही तो नीट विचारला नाही, तर पुढे कधीतरी ‘सावल्या दिसतात’ एवढंच कागदावर उतरतं आणि मनोविकृतीचं निदान चिकटतं. फरक ओळखणं अवघड नाही. निद्रा-पक्षाघातातले भास फक्त झोपेच्या उंबरठ्यावर येतात, अंग सुटलं की जातात, आणि ते खरे नव्हते हे जागेपणी रुग्णाला पक्कं माहीत असतं.

एक प्रसंग जवळून

ताजा प्रसंग तिला क्रमाने सांगायला लावला. ‘नेहमी काय होतं’ असं विचारलं की उत्तर सरासरीचं येतं; ‘परवा काय झालं’ असं विचारलं की तपशील हाती लागतो. रात्री पावणेतीनला झोप, पाठीवर. सकाळी सहाच्या सुमारास जाग. आधी कानात घूं असा आवाज, तो वाढत गेला. अंग गादीत रुतल्यासारखं, लगेच तरंगल्यासारखं. मग दाराकडे कोणीतरी असल्याची खात्री, पाठोपाठ छातीवर वजन. तिने दीर्घ श्वास घ्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. सगळा जोर लावून हात उचलायला गेली, तोही उचलला नाही. खोलीतल्या मैत्रिणीने कूस बदलली, पलंग हलला, आणि अंग एकदम सुटलं. तिच्या अंदाजाने दहा मिनिटं गेली होती. प्रत्यक्षात असे प्रसंग काही सेकंदांपासून फार तर काही मिनिटांचे असतात; भीतीत वेळ ताणला जातो.

यातला जवळजवळ प्रत्येक तपशील ओळखीचा आहे. हे अनुभव साधारण तीन गटांत पडतात: खोलीत घुसखोर असल्याचा भास, छातीवर दाब आणि गुदमरणं, आणि तरंगणं, पडणं किंवा शरीराबाहेर गेल्याचं वाटणं. पहिले दोन बहुधा जोडीने येतात आणि सर्वांत जास्त घाबरवतात.

शरीरात नेमकं काय होतं

स्वप्नं जास्त करून ज्या झोपेत पडतात ती रेम झोप. १९५३ मध्ये शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी तिची नोंद केली. या झोपेत मेंदूच्या खोडातल्या पॉन्स भागातून निघालेला आदेश मेड्युलामार्गे मज्जारज्जूपर्यंत जातो, आणि तिथे गाबा व ग्लायसिन ही रसायनं स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी गप्प करतात. त्यामुळे स्वप्नात पळणारा माणूस पलंगावरून उठून पळत नाही. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासपटल यांना या आदेशातून सूट असते. निद्रा-पक्षाघातात जाणीव जागी होते, पण हा आदेश अजून उठलेला नसतो. अशा वेळी घेतलेल्या मेंदूच्या आलेखात जागेपणाच्या अल्फा लहरी दिसतात आणि स्नायू मात्र रेमसारखे निपचित असतात. स्वप्नाची यंत्रणाही चालूच असते, म्हणून उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या खऱ्या खोलीत स्वप्नातला माणूस येऊन उभा राहतो.

गुदमरण्याचा भाग रुग्णाला वेगळा समजावून सांगावा लागतो, कारण ‘मी मरेन’ ही भीती तिथून येते. रेममध्ये श्वास श्वासपटलावर चालतो, बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात, आणि लय उथळ, अनियमित असते. हा श्वास पुरेसा असतो. पण माणूस जागा होऊन मुद्दाम छाती फुगवायला जातो तेव्हा ते स्नायू ऐकत नाहीत, आणि मेंदू त्याचा अर्थ ‘कोणीतरी छाती दाबतंय’ असा लावतो. जितका जोर लावावा तितका दाब वाढल्यासारखा वाटतो. तिच्या बाबतीत नेमकं हेच होत होतं.

दुसरं काही नाही ना

निद्रा-पक्षाघात हा नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसा अनावर झोप आणणाऱ्या झोपेच्या विकाराचा, भाग असू शकतो, म्हणून ती आधी बाजूला काढायची. विचारलं: पुरेशी झोप होऊनही दिवसा अनावर झोप येते का? खळखळून हसताना किंवा एकदम चिडल्यावर गुडघ्यांतलं बळ जातं का, जबडा लटका पडतो का, हातातली वस्तू सुटते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ ‘नाही’ आलं. एपवर्थ निद्राळूपणा मापकावर मात्र २४ पैकी ११ गुण आले, म्हणजे मर्यादेच्या जरा वर. इथे घाई करून झोपेच्या प्रयोगशाळेत पाठवलं नाही. जी व्यक्ती रोज पावणेपाच तास झोपते, तिला दिवसा झोप येणारच. आधी झोप भरून काढायची, मग पुन्हा मोजायचं. पुरेशी झोप नसताना केलेली दिवसाच्या डुलक्यांची चाचणी खोटी नार्कोलेप्सी दाखवू शकते. म्हणून त्या चाचणीआधी किमान आठवडाभर पुरेशा झोपेची नोंद मागतात.

रात्रीचा पॅनिक अटॅक हा दुसरा गोंधळ. त्यात माणूस धडधडत, घामाघूम होऊन उठतो, पण तो उठून बसू शकतो, चालू शकतो, आणि तो अटॅक बहुतेक वेळा रेमबाहेरच्या झोपेतून येतो. झोपेतल्या किंचाळीच्या विकारात रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात आरडाओरडा होतो आणि सकाळी फारसं आठवत नाही. पोटॅशियम घटल्याने येणारा आवर्ती पक्षाघात तासन्‌तास टिकतो, बऱ्याचदा भरपेट पिष्टमय जेवणानंतर किंवा जोरदार व्यायामानंतरच्या विश्रांतीत येतो, आणि त्यात भास नसतात. फिट्सच्या बाजूने जीभ चावणं, अंथरुणात लघवी होणं, तोच प्रकार दिवसाही होणं हे विचारलं. घोरणं, मद्य, नुकतीच बंद केलेली नैराश्यविरोधी औषधं, आणि मानसिक आघाताचा पूर्वानुभव यांचीही चौकशी केली. आघातानंतरच्या तणाव विकारात निद्रा-पक्षाघात बराच दिसतो. पण हा प्रश्न पहिल्याच भेटीत खोदून विचारायचा नसतो, दार उघडं ठेवायचं असतं. तिच्याकडे यातलं काही निघालं नाही. पोटॅशियम आणि थायरॉइड तपासले, दोन्ही ठीक. निदान: वारंवार होणारा, एकटा निद्रा-पक्षाघात. प्रसंग वारंवार होतात, झोपायला जायचीच भीती बसली आहे, आणि दुसरा विकार त्याचं कारण नाही, या तीन गोष्टी मिळून ते ठरतं.

चिंता कुठे येते

चिंता आणि निद्रा-पक्षाघात यांचा संबंध आहे, पण ‘चिंतेमुळे हे होतं’ असं सरसकट म्हणणं चूक आहे आणि रुग्णावर अन्यायही आहे. तिला वाटतं, दोष आपल्या मनाच्या कमकुवतपणाचा. २०११ मध्ये शार्पलेस आणि बार्बर या संशोधकांनी ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेल्यांचं प्रमाण सर्वसामान्य लोकांत ७.६ टक्के, विद्यार्थ्यांत २८.३ टक्के आणि मानसिक विकारांच्या रुग्णांत ३१.९ टक्के निघालं. पॅनिक विकार असलेल्यांत ते ३४.६ टक्के होतं. यात विद्यार्थ्यांचा आकडा लक्षात घेण्यासारखा आहे. ते काही सगळे रुग्ण नसतात. त्यांची झोप तुटपुंजी आणि वेळापत्रक विस्कटलेलं असतं. ब्रिटनमधल्या जुळ्या भावंडांच्या २०१५ च्या अभ्यासात या त्रासातल्या फरकाचा सुमारे ५३ टक्के भाग आनुवंशिक दिसला, आणि वाईट झोप, चिंतेची लक्षणं, धक्कादायक घटना यांच्याशीही त्याचा संबंध दिसला. म्हणजे कल जन्माने मिळतो, तो केव्हा उफाळेल हे झोप आणि ताण ठरवतात.

तिच्यात हे कसं घडलं ते दोन आठवड्यांच्या झोपेच्या डायरीने दाखवलं. सात प्रसंग. त्यातले सहा पाठीवर झोपलेली असताना. पाच प्रसंग एकतर पाच तासांपेक्षा कमी झोपेच्या रात्रीनंतरचे, नाहीतर दुपारच्या दोन तासांच्या झोपेतले. एक साखळी दिसत होती: प्रबंधासाठी जागरण, त्यातून पहिला प्रसंग, त्याच्या भीतीने झोप पुढे ढकलणं, दिवा लावून झोपणं, अर्धवट सावध झोप, दुपारी थकून पाठीवर आडवं होणं. झोप बुडाली की शरीर रेम भरून काढायला बघतं, आणि झोप तुटक असली की त्या रेममधून अवेळी जाग यायची शक्यता वाढते. चिंता या साखळीत दोनदा घुसते: एकदा झोप तोडणारी म्हणून, आणि नंतर शरीरातल्या प्रत्येक खुणेचा अर्थ धोका असा लावणारी म्हणून. ज्याला धडधड, जडपणा, श्वास लागणं यांची आधीच धास्ती असते, त्याला तोच प्रसंग कितीतरी भयंकर जातो.

चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ प्रश्नावलीवर तिला २१ पैकी १४ गुण मिळाले, म्हणजे मध्यम चिंता. पण ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, आणि त्या दोन आठवड्यांत ती झोपेलाच घाबरलेली होती. म्हणून प्रसंग सुरू व्हायच्या आधीच्या काळाबद्दल वेगळं विचारलं. तेव्हा कळलं की वर्षभरापासून निकाल, घरचा खर्च, आई-वडिलांची तब्येत यांची काळजी दिवसाचे कित्येक तास खात होती, मान-खांदे आखडलेले असायचे, लक्ष लागत नव्हतं. म्हणजे व्यापक चिंता विकार आधीपासून होता. हे वेगळं काढलं नसतं तर प्रसंग कमी झाल्यावर उपचार तिथेच थांबले असते.

उपचाराचा आराखडा

उपचाराची पहिली भेट जवळजवळ सगळी समजावण्यात गेली: कागदावर रात्रीचा आलेख, सुमारे ९० मिनिटांचं एक चक्र, पहाटेकडे लांबत जाणारी रेम, आणि तिचे प्रसंग त्यावर खुणेने मांडलेले. तिचे रात्रीचे प्रसंग पहाटेलाच का येतात हे तिने स्वतः बोट ठेवून सांगितलं. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि उपचाराचा निम्मा भार इथेच हलका होतो असं आमचं ठाम मत आहे.

उठायची वेळ साडेसहा, सातही दिवस. झोपायची वेळ अडीचवरून एकदम अकरावर आणली तर माणूस अंधारात डोळे उघडे ठेवून पडतो, म्हणून दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे. उठल्यावर वीस-तीस मिनिटं बाहेरच्या उजेडात. दुपारची झोप शक्यतो बंद. अगदीच गरज पडली तर तीनच्या आत, गजर लावून वीस मिनिटं, कुशीवर. दिवसाच्या पाच कप कॉफीतला एक कप दर तीन दिवसांनी कमी, म्हणजे डोकं दुखत नाही; आणि दुपारी दोननंतर अजिबात नाही, कारण घेतलेलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात.

निद्रानाशाच्या ठरलेल्या उपचारात अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करतात. इथे ते सुरुवातीला करू नये. झोप कापली की हाच त्रास उसळतो. ही चूक चांगल्या हेतूने आणि वारंवार होते.

पाठीवर झोपू नये यासाठी पाठीमागे लांब उशी आणि गुडघ्यांमध्ये दुसरी. झोपेत माणूस वळतोच, पण उशी अडली तर पूर्ण पाठीवर जात नाही.

प्रसंग सुरू असताना करायच्या चार पायऱ्या संशोधक बलंद जलाल यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून घेतल्या. एक: डोळे मिटून मनात म्हणायचं, ‘हा निद्रा-पक्षाघात आहे, नेहमीचा आहे, आपोआप जाणार आहे.’ दोन: यात जीवाला धोका नाही, मग घाबरायचं कारण नाही, हे स्वतःला सांगायचं. तीन: लक्ष दाराकडून काढून आत, जवळच्या माणसाच्या चेहऱ्यावर किंवा एखाद्या आवडत्या आठवणीवर, तपशिलासकट धरून ठेवायचं. चार: अंग ढिलं सोडायचं, हलवायचा प्रयत्न करायचा नाही, श्वास ओढायचा नाही, तो जसा चालतो तसा चालू द्यायचा. बोट किंवा अंगठा हलवून बघा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि काहींना त्याचा उपयोगही होतो. तिला होत नव्हता. बोट हललं नाही की घबराट दुप्पट व्हायची. म्हणून तो बंद केला. या पायऱ्या दिवसा, आडवं पडून, पंधरा मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा घोकायच्या. भीतीच्या ऐन क्षणी नवं काही सुचत नाही, घोकलेलंच आठवतं.

अंग सुटल्यावर लगेच पुन्हा तसंच झोपायचं नाही. उठून बसायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, पाच मिनिटं थांबायचं, मग कुशीवर. नाहीतर माणूस त्याच रेममध्ये परत घसरतो आणि प्रसंगामागून प्रसंग येतात. खोलीतल्या मैत्रिणीला सांगून ठेवलं: श्वास भराभर, कण्हल्यासारखा ऐकू आला तर नावाने हाक मार, खांद्याला हात लाव. बाहेरच्या स्पर्शाने प्रसंग बहुधा तुटतो.

चिंतेसाठी वेगळी वर्तन-विचार उपचारपद्धती, आठवड्याला एक भेट. संध्याकाळी सहा ते सहा वीस ही काळजी करायची ठरलेली वेळ; काळज्या लिहायच्या, ज्यांवर काही करता येईल त्यांच्यापुढे पुढची एक कृती. औषध दिलं नाही. केवळ निद्रा-पक्षाघातासाठी मान्यता असलेलं औषध नाही. चिंतेसाठी एसएसआरआय गटातलं औषध लागलं असतं तर त्याने रेम दबते हा फायदा मिळाला असता. पण ते अचानक बंद केलं की रेम उसळून परत येते, त्यामुळे सुरू करतानाच हळूहळू थांबवण्याचं ठरवून ठेवावं लागतं.

तिसऱ्या आठवड्यात काय बिघडलं

प्रबंधाचा मसुदा द्यायचा होता. दोन रात्री तीनपर्यंत जागरण, तिसऱ्या दिवशी दुपारी सोफ्यावर पाठीवर झोप, आणि एकामागून एक तीन प्रसंग. तिने ठरवलं की उपचार फसला. रात्री मोबाइलवर लोकांचे भीतिदायक अनुभव वाचत बसली आणि दिवा पुन्हा लागला. डायरीत प्रत्येक प्रसंगाला दोन-दोन पानं भरलेली होती. हा आमच्या आराखड्यातला दोष होता: ‘आज आला का’ हे रोज मोजायला लावल्याने तिची नजर सतत त्याच्यावरच होती.

मोजमाप बदललं. डायरीत सकाळी फक्त तीन गोष्टी: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, काल झोपायला जाताना भीती दहापैकी किती. प्रसंग आला तर फक्त एक फुली. ते तीन प्रसंग आलेखावर मांडल्यावर ती स्वतःच म्हणाली, “हे तर होणारच होतं.” दिवा एकदम बंद न करता आधी मंद, मग बाहेरच्या बोळातला, मग बंद, असं दहा दिवसांत केलं. मोबाइल रात्री दहानंतर खोलीबाहेर.

बारा आठवड्यांनी

शेवटच्या चार आठवड्यांत एक प्रसंग, तोही परीक्षेच्या आदल्या रात्री. दाराजवळचं कोणीतरी तेव्हाही होतं. तिने डोळे मिटले, पायऱ्या म्हटल्या, आणि तिच्या शब्दांत, “ते निघून जाईपर्यंत मी पडून राहिले.” झोपताना भीती ९ वरून २ वर. सरासरी झोप पावणेपाचवरून सात तास दहा मिनिटं. एपवर्थ ११ वरून ६, त्यामुळे प्रयोगशाळेची गरज उरली नाही. जीएडी-७ चे गुण १४ वरून ८, म्हणजे सौम्य चिंता अजून आहे आणि तिच्या भेटी चालू आहेत.

प्रसंग शून्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलेलं नव्हतं, पुढेही नाही. कल असलेल्या माणसाला जागरण, लांबचा प्रवास किंवा ताप यांच्यानंतर एखादा प्रसंग येऊ शकतो. पुन्हा तपासायला केव्हा यायचं ते तिच्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं आहे: सात तास झोपूनही सलग दोन आठवडे दिवसा झोप आवरत नसेल, हसताना अंगातलं बळ जात असेल, झोपेचा संबंध नसताना भरदिवसा भास होत असतील, अशक्तपणा तासभर टिकत असेल, किंवा भीतीमुळे झोप पुन्हा पाच तासांखाली जात असेल. आणि एका बाजूचा हात-पाय किंवा चेहरा जागेपणी लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो निद्रा-पक्षाघात समजून वाट बघायची नाही. त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.